लांबसडक केस : शेंडा जपा, मूळ पोसा

कमरेखाली रुळणारी वेणी पाहिली की आजही माना वळतात. लग्नकार्यात अशा मुलीला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, ‘काय लावतेस गं केसांना?’ जणू सारी जादू बाटलीतच असते!

वास्तविक डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, मग तेल साधे असो की महागडे. प्रत्येक केसाचा वाढीचा काळही ठरलेला असतो, साधारण २ ते ६ वर्षे. काही जणींच्या बाबतीत तो याहून अधिक असतो. हे बहुतांशी आनुवंशिक आहे. आपल्या हातात राहतात त्या दोनच गोष्टी. वाढलेला केस तुटू न देणे आणि मुळाला लागणारे पोषण कमी पडू न देणे.

शेंड्याचे वय किती?

कमरेपर्यंतचा, ७५ सेंटिमीटर लांबीचा केस घ्या. त्याचा शेंडा सुमारे सहा वर्षांचा असतो. सहा उन्हाळे आणि शेकडो न्हाणी त्याने सोसलेली असतात. केसाचा जिवंत भाग फक्त त्वचेखाली, मुळाशी असतो. बाहेर दिसतो तो निर्जीव धागा. त्यामुळे त्याला एकदा फाटे फुटले की कोणताही शाम्पू ते कायमचे जोडू शकत नाही. दर तीन-चार महिन्यांनी शेंडे थोडेसे कापून घ्यावेत. कापल्याने केस जोमाने वाढतात हा समज खोटा आहे, पण फाटा वर चढत जाणे मात्र थांबते.

न्हाताना घाई नको

ओला केस फुगतो, ताणला जातो आणि चटकन तुटतो. म्हणून टॉवेलने खसाखसा पुसू नये. मऊ सुती पंचाने दाबून पाणी टिपावे. केस जरा सुकले की रुंद दातांच्या फणीने आधी शेंड्याकडचा गुंता सोडवावा, मग हळूहळू वर जावे. शाम्पू टाळूला चोळावा आणि कंडिशनर खालच्या लांबीला लावावा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, तर साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. अशा वेळी साबण टाळलेलाच बरा.

उत्तर प्रदेशातील स्मिता श्रीवास्तव यांच्या २३६.२२ सेंटिमीटर लांब केसांची २०२३ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली. त्या वेळी त्यांनी सांगितलेली दिनचर्या साधी होती. आठवड्यातून दोनदा न्हाणे आणि फणीऐवजी हातांनी, निवांतपणे गुंता सोडवणे. त्यांनी वयाच्या चौदाव्या वर्षापासून केस वाढवले होते.

तेल कशासाठी?

तेलाने केस उगवत नाहीत, पण खोबरेल त्यांचे रक्षण नक्की करते. मुंबईच्या एका तेल कंपनीतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या तेलाने आणि खनिज तेलाने तसा फायदा दिसला नाही. न्हाण्याआधी तासभर खोबरेल लावले तरी पुरते. मात्र कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल मुरवू नये. कोंड्याशी निगडित बुरशी टाळूवरच्या तेलकटपणावरच पोसली जाते.

वेणी सैल हवी

शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दोन वेण्या सुटू नयेत म्हणून आया त्या करकचून घालतात. रोज असा ताण पडला की कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात. हे वर्षानुवर्षे चालले तर मुळे कायमची निकामी होतात. भांगाची जागा बदलत राहावे. साध्या रबराऐवजी कापड गुंडाळलेले बँड वापरावेत. रात्री झोपताना केस मोकळे सोडण्यापेक्षा सैल वेणी घालावी.

केस अचानक गळू लागले तर

रोज ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक आहे. लांब केसांचा पुंजका मोठा दिसतो, इतकेच. परंतु मूठमूठ केस हाती येऊ लागले, तर मागच्या दोन-चार महिन्यांत काय घडले ते आठवावे. टायफॉइड, डेंग्यू, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणानंतर इतक्या अंतराने केस गळतात. ‘बाळ हसू लागले की आईचे केस गळतात’ असे जुन्या बायका म्हणत, त्यामागचे कारण हेच. घाबरून केस कापून टाकू नयेत. बहुधा सहा महिने ते वर्षभरात ते पूर्ववत होतात.

गळती थांबतच नसेल आणि सोबत थकवा किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर तेल बदलून उपयोग नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी पडले की केसांच्या मुळांचीही उपासमार होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. टाळूवर गोल चकत्या पडल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

आहारात पालेभाज्या, डाळी, उसळी, बाजरी आणि हळीव असावेत. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. केस म्हणजे मुख्यतः प्रथिनेच, म्हणून दूध, अंडी किंवा डाळ रोज पोटात जायला हवी.

घरात सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी गृहिणी केसांसाठी महागडी बाटली मात्र हौसेने आणते. त्या पैशांत एकदा रक्त तपासून घ्यावे आणि आपलेही ताट सर्वांबरोबर वाढून घ्यावे. केसांच्या मुळांना जे हवे असते, ते त्या ताटातूनच मिळते.