सहा पौंड आणि एक टेलिफोन

चेशॅम हे लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनचं शेवटचं स्टेशन. क्लायंटच्या कामासाठी सहा आठवडे लंडनला होते, तेव्हा एका शनिवारी मी मुद्दाम तिथवर गेले. चढाचे रस्ते, विटांची घरं, बाजाराची लहानशी पेठ. प्रवासी पुस्तकात गावाला चार ओळीही नव्हत्या. पण 1962 साली याच गावातल्या एका घरी, जेवणाच्या टेबलावर, सहा पौंड भांडवलात स्टेफनी शर्ली यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही कंपनी काढली होती. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. सव्वीस वर्षं टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगमध्ये काढलेल्या माझ्यासारखीला तिथे गेल्यावर आळंदीला आल्यासारखं वाटलं.

त्यांचा आधीचा इतिहास थोडक्यात सांगते. जन्म 1933, जर्मनीतलं डॉर्टमुंड, वडील ज्यू. 1939 मध्ये निर्वासित मुलांच्या गाडीने पाच वर्षांची ही पोर मोठ्या बहिणीचा हात धरून इंग्लंडला आली. पुढे डॉलिस हिलच्या पोस्ट ऑफिस संशोधन केंद्रात नोकरी, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन गणिताची पदवी, आणि बाई म्हणून वरची पायरी मिळणार नाही हे कळून चुकलं तेव्हा स्वतःचा धंदा.

त्या काळी सॉफ्टवेअर यंत्राबरोबर फुकट मिळायचं. ते वेगळं विकायचं म्हटलं तर लोक हसत. त्यात विकणारी बाई. पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा नवऱ्याने सुचवल्यावरून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या आणि भेटीच्या वेळा मिळू लागल्या. माणसं नेमली ती लग्नानंतर किंवा पहिल्या बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर बायका. पहिल्या 300 जणांत 297 बायका होत्या. घरी टेलिफोन आहे का, ही चौकशी निवड करताना महत्त्वाची असे. कोड कागदावर पेन्सिलीने लिहायचा, पोस्टाने पाठवायचा, मग तो कार्डांवर पंच होऊन यंत्रावर चढायचा. क्लायंटचा फोन आला की शर्लीबाई टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप मागे लावत, म्हणजे घरातले आवाज झाकले जात. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग अशाच घरी बसून काम करणाऱ्या 30 बायकांनी केलं. त्या कामाच्या प्रमुख ॲन मॉफॅट. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरलेत आणि शेजारी तान्हं मूल आहे, असा त्यांचा एक फोटो आहे. तो मी कितीदा पाहिला असेन.

मला सगळ्यात जास्त मोह पडतो तो शर्लीबाईंच्या हिशेबाचा. बायका घरोघरी बसून काम करताहेत. किती तास बसल्या हे बघणार कोण? म्हणून शर्लीबाईंनी क्लायंटला ठरलेल्या किमतीत काम देऊ केलं. आजच्या भाषेत फिक्स्ड प्राइस. पण आकडा एकदा सांगितला की तो चुकून चालत नाही. मग कामाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाचा अंदाज बांधायचा, एकीचं काम दुसरीने तपासायचं, हे सगळं लेखी नियमांत बसवायचं. त्या नियमांपैकी काही पुढे ‘नाटो’नेही स्वीकारले. घरच्या अडचणीतून निघालेली ही शिस्त आमच्या धंद्याचा कणा आहे, असं माझं ठाम मत आहे.

या शिस्तीचं मोल मला स्वतःवरून कळलं. 2003 मध्ये मुलगी झाली. रजेवरून परतले तेव्हा त्या वेळच्या कंपनीने मला आधी बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवलं आणि नंतर अंतर्गत डॉक्युमेंटेशनवर टाकलं. ‘तुला लवकर घरी जायचं असेल ना’ असं सांगण्यात आलं. मला कुणी विचारलं नव्हतं. आठ महिने गेले. मग एका वरिष्ठ बाईंनी एका विमा कंपनीच्या प्रपोजलचं एस्टिमेट माझ्या हाती दिलं. किती स्क्रीन, किती रिपोर्ट, जुन्या सिस्टिममधून किती डेटा आणायचा, युएटीला, म्हणजे क्लायंटच्या चाचणीला, किती दिवस. मुलगी झोपल्यावर अकरा रात्री मोजत बसले. काम मिळालं आणि सिस्टिम प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा माझा अंदाज अवघ्या चार दिवसांनी चुकला होता. त्यानंतर क्लायंट थेट माझ्याकडे फोन करू लागला. मी साडेपाचला निघते याची चर्चा बंद झाली.

बायकांना दार बंद असण्यावरून पुण्यातली एक गोष्ट आठवते. 1974 मध्ये सुधा मूर्तींनी टेल्कोची जाहिरात पाहिली, तीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिकडे ब्रिटनमध्ये मात्र उलट घडलं: 1975 मध्ये लिंगभेदाविरुद्ध कायदा झाला आणि शर्लीबाईंना पुरुषांनाही नोकरीचं दार उघडावं लागलं.

शर्लीबाईंचं घर मात्र सोपं नव्हतं. एकुलता मुलगा जाइल्स तीव्र स्वमग्न होता आणि त्या ओझ्याखाली त्या स्वतः एकदा कोलमडल्या. 1987 मध्ये त्यांनी कंपनीची सूत्रं हिलरी क्रॉपर यांच्याकडे दिली. स्वतःच्या मालकीचा मोठा हिस्सा त्यांनी आधीच कर्मचाऱ्यांकडे सोपवायला घेतला होता. त्या शेअर्समुळे 70 जण लक्षाधीश झाले, तेही पौंडांत. पुढे हीच कंपनी ‘झान्सा’ झाली आणि तिचं एक ऑफिस आपल्या पुण्यात होतं. शर्लीबाईंनी उरलेला पैसा बहुतांशी स्वमग्नतेच्या कामाला दिला. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

माझ्याकडे दरवर्षी नव्या मुली येतात. कुठली टेक्नॉलॉजी शिकू, ऑनसाइट कधी मिळेल, असं विचारतात. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला माझा एवढा निरोप द्या: पहिल्याच वर्षी मॅनेजरकडे एस्टिमेटची शीट माग, त्यातली एक ओळ स्वतः भर आणि काम संपल्यावर ती किती चुकली ते त्याच्यासमोर बसून तपास.