मैदानातल्या मुली (भाग ६) : हात लागू दे, मग ऊठ

मागच्या भागात खांबाजवळ गडी कसा टिपतात ते पाहिलं. या वेळी चुन्याच्या रेघेबाहेर उभ्या राहणाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडेच वळू.

मंगळवेढ्यात महाविद्यालयीन मुलींचा खो-खोचा सामना असला की जेवढे प्रेक्षक तेवढे प्रशिक्षक. "हिला पहिल्याच तुकडीत का उतरवली?" "ती दमलीय, सरांना दिसंना का?" मला ही वादावादी मनापासून आवडते. पोरीच्या हुलकावणीवरून दोन माणसं हमरीतुमरीवर येतात, तिथं पोरींचा खेळ गावानं आपला मानलेला असतो. आपल्या शेजारच्या पंढरपूर तालुक्यातल्या वाडीकुरोलीनं आणि माळशिरसमधल्या वेळापूरनं असाच खो-खो जपला.

पण आपण सरांना जोखतो ते गुणफलकावरून, आणि तिथंच चुकतो.

प्रथम वर्षाची एखादी मुलगी चौकात बसलेली बघा. पाठीमागून धावत येणाऱ्या आक्रमकाचा हात पाठीला लागला पाहिजे, 'खो' कानावर पडला पाहिजे, मगच उठायचं. नवी मुलगी नुसत्या पावलांच्या आवाजावर उठते. अर्धा श्वास आधी. पंचांची शिट्टी वाजते, आक्रमकाला उलट दिशेनं जावं लागतं, तेवढ्यात हाताशी आलेली संरक्षक निसटते आणि रेघेबाहेरून "अर्रर्र" उठतं. ही घाई घालवायला सर तिला रोज बसवतात, उठवतात, पुन्हा बसवतात. टाच किती उचललेली हवी, बोटं जमिनीला कशी टेकवायची, मान न वळवता मागचा अंदाज कसा घ्यायचा. तिसऱ्या वर्षी तीच मुलगी खो मिळताच दोन पावलांत गडी बाद करते. गुणपत्रिकेत गडी लिहिला जातो. ती बैठक कुठंच लिहिली जात नाही.

पदवीची वर्षं तीनच. बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक एकच. कबड्डी त्याच्याकडे, धावणं त्याच्याकडे, बास्केटबॉलही त्याच्याकडेच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, पुढे पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय. या वाटेवर मुली गळतात त्या खेळात कमी पडल्या म्हणूनच असं नाही. घरची ओढगस्त, एसटीची वेळ, ठरलेलं लग्न.

धाराशिवच्या सारिका काळेचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार. त्याच वर्षी घरच्या अडचणींनी खचून तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनी समजूत घातली, ती मैदानावर परतली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. माझ्या लेखी जाधव सरांची ती समजूत कुठल्याही डावपेचाहून मोठी. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत प्रियांका इंगळेच्या भारतीय संघानं नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला विश्वचषक घेतला, तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके वाजवले. पोरगी रडत घरी बसलेली असते तेव्हा तिच्या दारात फक्त सर उभे असतात.

अमेरिकेत महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलवर असेच वाद रंगतात. टेनेसी विद्यापीठाच्या प्रशिक्षक पॅट समिट यांनी १९७४ ते २०१२ मध्ये १,०९८ सामने आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. तरी त्यांच्याबद्दल आवर्जून सांगितलं जातं ते वेगळंच: त्यांच्याकडे खेळाची मुदत पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली.

आपल्या रेघेबाहेरही अशी नजर आहे. परवा एक मुलगी लागोपाठ दोनदा आधी उठली. लोक सरांच्या नावानं ओरडत होते. धोतरातले एक आजोबा मात्र रेघेला टेकून उकिडवे बसले होते. तिला पहिल्या वर्षापासून बघत आलेत. ते तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, "बस पोरी, बस. घाई नगं. हात लागू दे."

तिसऱ्या खोला ती थांबली.