ओढ्याने काढलेली वाट

पाचनईतून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट आता इतकी मळली आहे, की शनिवार-रविवारी तिथे चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. म्हणून ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आम्ही मुद्दाम ओढ्याच्या अंगाने जाणारी गुरांची वाट धरली. दहाव्या मिनिटाला ती रानात बुडाली. पुढे सोबतीला राहिला तो ओढ्याचा आवाज.

तो पुरेसा होता. सह्याद्रीत पाण्याला उतरायला आणि माणसाला चढायला बहुतेक एकच फट असते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थराचा गाभा घट्ट, त्याचा होतो उभा कडा. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेला. तो लवकर झिजतो आणि तिथे सपाटी पडते. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात तेही जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून. पण या जिन्याच्या पायऱ्या राक्षसाच्या मापाच्या! कड्याला तडा असेल तिथे पाणी घुसतं, तडा रुंदावतं आणि आपल्याला वर जायला जागा करून देतं. नाळ, नळी, घळ ही आपल्या डोंगरवाटांची नावं त्या फटींचीच. याच गडाची एक अवघड चढण ‘नळीची वाट’ म्हणून ओळखली जाते.

ओढा मात्र डोळे मिटून धरायचा नाही. घट्ट थर आला की त्याचा धबधबा होतो आणि माणूस खाली अडकतो. जुनी वाट तिथे शहाणपणाने ओढा सोडते, कड्याच्या पायथ्याने आडवी जाते आणि सोपी जागा पाहून पुन्हा वर चढते. असं आडवं जाताना खडकात पांढरे ठिपके दिसले. लाव्हातले बुडबुडे रिकामे राहिले, त्यांत नंतर खनिजमिश्रित पाणी मुरलं आणि झिओलाइटचे स्फटिक जमले, त्यांचे ते ठिपके.

आमची खरी झटापट झाली ती कारवीशी. डोक्याच्या वर गेलेली, खरखरीत पानांची. ओढ्याकाठी ओल आणि वाहून आलेली माती दोन्ही मिळतात, वर ऊनही येतं, मग रान माजायला आणखी काय हवं? कारवीचा हिशोब मात्र वेगळाच आहे. साधारण 7-8 वर्षं ती नुसती वाढते, मग एका पावसाळ्यात सगळा उतार एकदम जांभळा होतो, बी धरतं आणि झुडपं मरतात. इतकं बी एकाच वेळी पडलं की खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतं, असा या एकजुटीचा एक अर्थ लावला जातो. वाटसरूच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे. कारवी मेली की वाट दिसू लागते, नवी उगवली की पुन्हा बुजते. एकाच वाटेबद्दल दोन ट्रेकर भांडतात तेव्हा दोघेही खरं बोलत असू शकतात.

तेरड्याचा रंग संपला होता, बोंडं मात्र भरात होती. पँट घासली की फट्‌कन फुटायची. बोंडाच्या भिंती आतून ताणलेल्या असतात. धक्का लागला की त्या गुंडाळतात आणि बिया उडवतात. रान तुडवत आम्ही तेरड्याची पेरणीच करत होतो.

दुपारी गडाच्या तारामती शिखरावर पोचलो. उंची 1,400 मीटरच्या वर. खाली ओढ्यात अंगाला चिकटलेला शर्ट इथल्या वाऱ्याने पाच मिनिटांत वाळला. दृश्य वगैरे नंतर. आधी सगळे मोजे काढून बसले. कुसळी गवताने त्यांची चाळण केली होती. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावर मागे वळलेले केस, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे फिरत नाही. मागची लांब शेपटी सुकताना पिळली जाते, ओली झाली की पीळ सुटतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या पाळ्यांनी बी जमिनीत भोक पाडत जातं. मोज्याला ते जमीनच समजतं, त्याचा दोष नाही.

एक कुसळ उपटून मी खडकावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब शेपटीवर सोडला. काही क्षण काहीच नाही. मग ते सावकाश गोल फिरू लागलं, आणि सगळे मोजे हातातच धरून वाकून बघत राहिले.