गावाच्या मापाचे नगरभवन

मध्य फिनलंडमधल्या पॅइयॅन्ने सरोवरात सॅयनॅत्सालो नावाचे बेट आहे. पाइनची झाडी, प्लायवूडचा कारखाना आणि सुमारे तीन हजार वस्ती. या गावाने नगरभवनासाठी घेतलेली स्पर्धा १९४९ मध्ये वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टो यांनी जिंकली आणि १९५२ मध्ये इमारत पूर्ण झाली. सार्वजनिक इमारत परिसरात बेमालूम बसावी, तरी ओळखू यावी, हे कसे साधते? या भवनाच्या एकेका भागातून ते कळते.

पहिला प्रश्न जमिनीचा. जागा उताराची होती. पायासाठी खणलेली माती बाहेर न टाकता मधोमध भरली आणि तिच्यावर अंगण केले. ते रस्त्यापेक्षा जवळपास मजलाभर उंच आहे. तीन बाजूंना कार्यालये ठेवली, चौथ्या बाजूला ग्रंथालयाचा सुटा भाग. त्यामुळे बाहेरून दुमजली दिसणारे भवन अंगणातून एकमजली वाटते. कामासाठी आलेला माणूस वाड्याच्या चौकात शिरल्यासारखा आत येई, दबकत नसे. चढायला दोन वाटा आहेत. एक दगडी जिना. दुसरीकडे फळ्यांनी अडवलेल्या मातीच्या पायऱ्या, त्यांवर गवत वाढते. अंगणाकडच्या बाजूने काचेच्या खिडक्यांचे मार्गिकावजा व्हरांडे आहेत. दाट झाडीच्या प्रदेशात तेवढाच मोकळा उजेड आत येतो.

भिंती लाल विटांच्या. विटा मुद्दाम किंचित पुढेमागे बसवल्या आहेत. उत्तरेकडच्या प्रदेशातला कलता सूर्य त्यांवरून घासत गेला की बारीक सावल्या पडतात आणि मोठी भिंतही सपाट, कोरडी वाटत नाही.

सगळे ठेंगणे ठेवल्यावर एकच भाग उंच केला: सभागृह, १७ मीटर. एवढ्याशा गावाला ही उंची परवडेल का, अशी शंका निघाली, तेव्हा आल्टो यांनी इटलीतल्या सिएनाच्या नगरसभागृहाच्या उंचीचा दाखला दिला, असा किस्सा सांगतात. सभागृहाचे छत दोन लाकडी कैच्यांवर आहे. प्रत्येक कैचीतून तिरप्या दांड्या पंख्यासारख्या वर पसरतात. मोजक्या आधारांवर भार पेलला जातो आणि छप्पर व आतले छत यांच्यामध्ये हवा खेळायला जागा राहते. कडाक्याच्या थंडीत तिथे ओल धरू नये, यासाठी ती लागते.

तळमजल्यावर दुकानांसाठी गाळे ठेवले होते. त्यामुळे कचेरीत काम नसलेलेही इथे येत, आणि पुढे कार्यालये वाढली तर तीच जागा वापरता येणार होती.

कुठल्याही लहान गावाला यातून घेण्यासारखा आहे तो क्रम. आधी उतार आणि माती पाहायची, मग माणूस कुठून येईल आणि कुठे थांबेल ते ठरवायचे, आणि उंची शेवटी, तीही एकाच जागी खर्चायची: जिथे सगळ्या गावाचे निर्णय होतात तिथे. दर्शनी कमान आणि घुमट यांपासून सुरुवात केली, तर हा क्रम उलटा होतो आणि इमारत कुठल्याच गावाची राहत नाही.