दुपारचं युनिट, संध्याकाळचं युनिट

गच्चीवर पॅनेल चढली की सोसायटीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘यांचं बिल आता शून्य.’ दुसरं, ‘टीओडी मीटर आलं, आता सोलर कसलं परवडतंय!’ दोन्हींत थोडं खरं आहे आणि बरंचसं ऐकीव.

आधी शून्याचं बघू. युनिटं शून्यावर येऊ शकतात, बिल नाही. महावितरणची जोडणी आहे तोवर स्थिर आकार भरावाच लागतो. बचत किती होणार, हे उन्हापेक्षा तुमच्या जुन्या बिलावर जास्त ठरतं. आपले घरगुती दर स्लॅबचे: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग, पुढे आणखी चढे. सोलर सर्वांत वरची, म्हणजे महागडी युनिटं आधी कापतं. म्हणून दोन एसी असलेल्या घराचे पैसे लवकर वसूल होतात आणि महिना ऐंशी-नव्वद युनिटं वापरणाऱ्याचे रेंगाळतात. केंद्राचं अनुदान मात्र बिल बघत नाही. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, असे जास्तीत जास्त ७८,००० मिळतात.

‘मग मोठाच प्लँट टाकू, उरलेली वीज विकू,’ हा पुढचा हिशेब. एका किलोवॉटमधून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं निघतात. जास्तीची युनिटं नेट मीटरमधून ग्रिडवर जातात आणि खात्यावर जमा राहतात. उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात कामी येते. पण ३१ मार्चला जे उरतं ते कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेते, तुमच्या वरच्या स्लॅबच्या दराने नाही. घरापुरतं सोलर पुरे.

लाइट गेल्यावरही आपल्याकडे दिवे राहतील, हा समज तर पॅनेल बसवून झालेल्यांनाही असतो. बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की मुद्दाम बंद पडतं. तसं केलं नाही तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत तुमच्या गच्चीवरची वीज येईल.

आता टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर. हे मीटर युनिटं वाढवत नाही. कोणतं युनिट किती वाजता वापरलं, एवढं टिपून ठेवतं. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून भरपूर सौरवीज असणाऱ्या आठ तासांत दर कमी आणि गर्दीच्या वेळेत जास्त, अशी दिशा ठरवून दिली. दुपारी सौरवीज मुबलक असते. सूर्य कलला की ती ओसरते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली.

गंमत अशी, की ही सवलत सोलरवाल्याच्या फारशी उपयोगाची नाही. त्या वेळात त्याची स्वतःचीच पॅनेल चालू असतात; ग्रिडवरून तो घेतोच किती? खरा लाभ पॅनेल नसलेल्या पण दिवसा घरी कपडे धुणाऱ्या, पंप चालवणाऱ्या कुटुंबाचा.

सोलरवाल्याने विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटाशी वळतं होतं का? महिन्याच्या एकूण आकड्यांवर वजाबाकी होत असेल, तर दुपार आणि रात्र सारखीच. ग्रिड फुकटची बॅटरी झाली. पण राज्याच्या २०१९ च्या रूफटॉप नियमावलीनुसार टीओडी दर लागू असलेल्या ग्राहकाची निर्मिती आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा होते आणि उरलेली कमी मागणीच्या वेळेत झाली असं धरलं जातं. मग दुपारच्या ढीगभर युनिटांनी संध्याकाळचा वापर फिटत नाही. दिवसा सुटी आणि रात्रपाळीत धडाका, अशा कारखान्याला हे चांगलंच झोंबतं. त्यामुळे विक्रेत्याने ‘इतक्या वर्षांत वसूल’ म्हटलं, तर त्याने वजाबाकी महिन्याची धरली की वेळेची, ते कागदावर लिहून घ्यावं. आणि वजाबाकी वेळेची असेल तर गिझर, वॉशिंग मशीन, टाकी भरायचा पंप दुपारकडे ढकलायला लागावं. सकाळी सातची अंघोळ हलणार नाही, बाकीचं हलतं.

‘मग बॅटरीच घेऊ, कॅलिफोर्नियातल्या भाच्याने घेतली.’ भाच्याचं गणित निराळं आहे. तिथे १५ एप्रिल २०२३ पासून नव्या सोलर ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या विजेचे पैसे पूर्वीपेक्षा सुमारे पाऊणपट कमी मिळतात, आणि दुपारी ४ ते रात्री ९ वीज सर्वांत महाग. दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरली तर त्याचा थेट फायदा. आपल्याकडे महिन्याच्या एकूण वजाबाकीत बसणाऱ्या घराला बॅटरीतून बिलात काहीच वाचत नाही. वारंवार लाइट जाणाऱ्या गावात मात्र ती घेण्याला कारण आहे.