राउटरची आगोट

मे संपत आला की कोकणातल्या घरांत आगोटीची बेगमी सुरू होते. कांद्याच्या माळा वाशांना टांगल्या जातात, सुके बांगडे आणि सोडे घट्ट झाकणाच्या डब्यांत जातात. कुळीथ, मीठ, आमसुलं, चुलीची लाकडं, सगळं मृगाच्या आत घरात यायला हवं. लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्याची बेगमी निराळी. राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी, दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड, एक जादा ॲडॉप्टर आणि छपरावरच्या पावसाचा आवाज पलीकडच्या माणसापर्यंत जाऊ न देणारा हेडफोन.

मुंबई-पुण्यात भाड्याने राहून संगणकावर काम करणाऱ्या कोकणी मुलामुलींच्या घरांत गेली पाच-सहा वर्षं एक विषय पुन्हा पुन्हा निघतो. पगार तोच राहणार असेल, तर लांज्याला जाऊन राहायला काय हरकत आहे? हा विषय हमखास मे महिन्यात रंगतो. फणस पिकलेले असतात, रस्ते कोरडे असतात, सगळी भावंडं खळ्यात जमलेली असतात, आणि त्या भरात निर्णयही होऊन जातो. तो व्हायला हवा जुलैत.

लांजा हे मुंबई-गोवा महामार्गावरचं तालुक्याचं गाव. नगरपंचायत आहे, एसटीचं आगार आहे, ग्रामीण रुग्णालय आणि महाविद्यालय आहे. उत्तरेला काजळी नदी, दक्षिणेला मुचकुंदी, पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी खोरनिनको, प्रभानवल्ली आणि वर विशाळगडाच्या शेजारचं माचाळ. भात, काजू आणि फणस हा इथला संसार. जवळच्या झापडे गावात तर देशोदेशीच्या फणसांच्या जाती गोळा करून बाग उभी राहिली आहे. पण रोख पैसा पिढ्यान् पिढ्या मुंबईतून आला. गिरणीत गेलेला माणूस मनीऑर्डर पाठवायचा आणि त्यावर घर चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती व्यवस्था मोडली. माणसं मात्र जातच राहिली, फक्त गिरणीऐवजी कुणी कुरिअरच्या कचेरीत, कुणी बँकेत, आणि पुढची पिढी सॉफ्टवेअर कंपनीत.

जनगणनेत हे उघड दिसतं. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. राज्याची वाढत असताना इथली घटली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हा २०११ चा आकडा अनेकदा कौतुकाने सांगितला जातो, पण त्याच्या मागे कमावता पुरुष वर्षाचे अकरा महिने घरी नसण्याची जुनी गोष्ट आहे. म्हणूनच एखादा तरुण पगारासकट गावात परततो तेव्हा ती केवळ त्याच्या सोयीची बाब राहत नाही. बंद घराचं दार उघडतं, वाडीतल्या शाळेचा पट एकाने वाढतो, रात्री-अपरात्री म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी चालवणारं कुणीतरी मिळतं. या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहायला हवं ते यासाठी.

हे शक्य आहे, याचा पहिला मोठा पुरावा २०२० ने दिला. टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले आणि ज्यांचं काम संगणकावर होतं त्यांनी पडवीत टेबल मांडलं. त्याच वर्षी शेजारच्या सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावी, एका विद्यार्थिनीला ऑनलाइन वर्गांसाठी रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून द्यावी लागली. शक्यता आणि तिची अडचण अशी एकदमच समोर आली. सरकारी पातळीवरही एक अडसर दूर झाला. ५ नोव्हेंबर २०२० रोजी दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि तत्सम सेवांचे नियम सैल केले. त्याआधी अशा कंपन्यांना कर्मचाऱ्याला घरून काम करू देण्यासाठी बँक हमीसारख्या अटी पाळाव्या लागत. त्या गेल्या आणि ‘कुठूनही काम’ हे शब्द अधिकृत झाले.

प्रश्न उरतो तो जागेचा. चाकरमान्याला आपलं गाव ठाऊक असतं ते शिमगा, मे महिना आणि गणपती एवढंच. जून ते सप्टेंबरमधला, गणपतीचे दिवस वगळता, सलग असा काळ त्याने लहानपणानंतर पाहिलेलाच नसतो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. लॅपटॉपच्या नोकरीची खरी परीक्षा इथेच असते, आणि ती एका खांबावर होते.

तो खांब नीट पाहावा. वाडीकडे येणाऱ्या विजेच्या तारा त्याच्यावर, आणि त्यांच्या खाली कुणीतरी बांधून नेलेली फायबरची काळी केबल. वर ऐन किंवा आंब्याची फांदी. वाऱ्याच्या एका झोताने फांदी तुटली तर लाईट आणि नेट दोन्ही एकदम जातात. घरातल्या राउटरवर लाल दिवा लुकलुकतो, म्हणजे केबलमधून येणारा प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही. वायरमन भर पावसात येतो, तार ओढून लाईट चालू करतो. पण केसाएवढी बारीक काचेची तार जोडायला वेगळा माणूस आणि वेगळं यंत्र लागतं. तो माणूस पाच वाड्यांचे जोड करत करत दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचतो. मोबाइलची रेंज असेल असं वाटतं, पण टॉवरही वीज गेल्यावर बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी संपली, जनरेटरला डिझेल नसलं की तोही गप्प. कागदावर तीन वेगवेगळ्या सोयी दिसतात, प्रत्यक्षात तिघींचा जीव एकाच विजेच्या तारेत असतो.

म्हणून चौकशी करताना ‘नेट आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. आहे, असंच उत्तर येणार, आणि ते खरंही असतं. विचारायचं ते हे: केबल कुठल्या वाटेने येते, किती गडगे आणि किती झाडं ओलांडते, गेल्या पावसात सलग किती तास बंद होती, जोडणारा माणूस लांज्यात राहतो की रत्नागिरीहून येतो. एरवी व्हिडिओ मीटिंगला फार वेग लागत नाही. सेकंदाला तीन-चार मेगाबिट दोन्ही बाजूंनी स्थिर मिळाले तरी काम होतं. शंभर मेगाबिटची जाहिरात बघून भुलण्यापेक्षा चार मेगाबिट न तुटता मिळणं मोलाचं.

आणि विजा. पाऊस लागण्याआधी आणि हस्ताच्या सुमारास कोकणात विजा जास्त कडाडतात. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण ॲडॉप्टर मात्र भिंतीतल्या प्लगला जोडलेला असतो आणि जळतो तो त्या वाटेने. जादा ॲडॉप्टर यादीत येतो तो याचसाठी. घराची अर्थिंग तपासून घेणं हे तर पहिलं काम.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा दक्षिण कोकणात कितीतरी गावांची वीज दिवसेंदिवस गेली होती. असे दिवस रोज येत नाहीत. पण ते येणार हे धरून वरिष्ठांशी आधी बोलून ठेवलेलं असेल, तर नोकरीवर गदा येत नाही.

घराची गोष्ट याहून नाजूक. ‘आपलं घर आहेच की’ या वाक्यात आपलं म्हणजे नक्की कुणाचं, हे सातबारा काढला की कळतं. जमीन सामाईक, नावं वीस-पंचवीस, त्यातली काही माणसं हयात नाहीत, वारसनोंदी राहिलेल्या. घरपट्टी आणि विजेचा मीटर आजोबांच्या नावावर. नवा मीटर घ्यायचा, पडवीला भिंत घालून खोली काढायची, तर सहहिस्सेदारांची संमती लागते. इतकी वर्षं कुलूपबंद असलेलं घर कुणीतरी एक जण राहायला आला की अचानक सगळ्यांच्या आठवणीत येतं. यात कुणी वाईट नसतं. चार महिने राहून बघतो, दुरुस्तीचा खर्च माझा, हक्काबद्दल काही बोलणं नाही, एवढं काका-आत्यांशी बसून आधीच बोलावं आणि लिहूनही ठेवावं.

चिऱ्याचं घर उन्हाळ्यात गार असतं, पावसात त्याच्या भिंती ओल धरतात. कपाटातल्या कपड्यांना, चामड्याच्या पट्ट्याला, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी येते, लॅपटॉपची बॅगही सुटत नाही. वानरांनी कौलं फोडलेली असतात, ती दर वर्षी पावसाआधी परतून घ्यावी लागतात आणि शाकारणी करणारी जुनी माणसं आता कमी झाली आहेत. त्यामुळे लोकांनी पत्रे घातले. पत्र्याखाली बसून जुलैत मीटिंग घेतली की हेडफोनची किंमत कळते.

याच कारणाने पहिल्या वर्षी वाडीतलं घर न निवडता लांजा बाजारपेठेत किंवा लगतच्या कुव्याच्या बाजूला भाड्याची खोली घेणं शहाणपणाचं. दोन-तीन कंपन्यांची केबल मिळण्याचा संभव तिथेच जास्त, लाईट गेली तरी आधी बाजारपेठेची येते. शनिवारी वाडीत जाता येतं.

की थेट रत्नागिरीला जावं? लांज्याहून ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. २०११ मध्ये तिथली लोकसंख्या पाऊण लाखाच्या वर होती. जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, मोठं रेल्वे स्थानक आहे. लांजा शहराला रेल्वे नाही. तालुक्यात विलवडे आणि आडवली ही छोटी स्थानकं आहेत, मोठ्या गाडीसाठी रत्नागिरी गाठावीच लागते. जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत एरवी रत्नागिरीहून मुंबईला पाच तासांच्या आत पोहोचवते. पण पावसाळी वेळापत्रक लागू झालं की तिच्या फेऱ्या आठवड्याला तीनवर येतात आणि सगळ्याच गाड्यांचा वेग कमी होतो. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली आणि कोकण रेल्वे दिवसभराहून जास्त काळ ठप्प झाली. महामार्गाचीही हीच कथा. सप्टेंबर २०२२ मध्ये अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळीत कोसळला तेव्हा लांज्याजवळची वाहतूक अडून राहिली होती. ज्याला महिन्यातून दोनदा कचेरीत हजेरी लावायची आहे त्याने रत्नागिरीच निवडावी. दोन महिन्यांतून एकदा जायचं असेल तर लांजा पुरे.

तिसरा पर्याय अनेकांच्या डोक्यात येत नाही, तो कोल्हापूरचा. लांज्याचा पिनकोड ४१६७०१, म्हणजे टपाल खात्याच्या हिशेबात लांजा ४१६ वाल्या कोल्हापूरच्या कुळात आणि रत्नागिरी शहर ४१५ मध्ये. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी, कॉलेजच्या प्रवेशासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी इथली माणसं आंबा घाट चढतातच. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या असलेल्या त्या शहरात मुलांच्या शाळा, नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या आणि खंडित न होणारं नेट हे तिन्ही जमतं, आणि रविवारी गावी येता येतं. गावाच्या ओढीने निघालेल्या कुटुंबाला हे थोडं हिरमुसायला लावेल, पण दहावीतलं मूल घरात असेल तर हाच मार्ग बरा.

कंपनीचा शब्द किती पक्का, हेही तपासायला हवं. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त माणसांना कार्यालयात असण्याची गरज राहणार नाही. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस कार्यालयात यायला सांगितलं. म्हणजे ‘आत्ता तरी घरूनच आहे’ या भरवशावर मुंबईतलं भाड्याचं घर सोडणं धोक्याचं. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलं आहे, ते वाचावं. लांजा लिहून मिळत असेल तर घ्यावं, मग पगार कमी करतात का तेही विचारावं. करातही फरक पडतो. जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्यावरची सूट मुंबईत मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत धरतात, लांज्यात ४० टक्क्यांपर्यंत, आणि आजोबांच्या घरात भाडं न देता राहिलं तर सूटच नाही. नव्या पद्धतीत ही सूट कुणालाच नाही.

कामाइतकंच माणसांचं असतं. अमेरिकेतल्या टल्सा शहरात एका खासगी प्रतिष्ठानाने २०१८ पासून बाहेरून येऊन राहणाऱ्या दूरस्थ कर्मचाऱ्यांना दहा हजार डॉलर देऊ केले. पण पैशांबरोबर बसायला सामायिक कचेरी आणि ओळखी व्हाव्यात म्हणून कार्यक्रमही ठेवले, कारण एकटा पडलेला माणूस टिकत नाही. तमिळनाडूत तेनकाशीजवळ झोहोने २०११ मध्ये कार्यालयच गावाकडे नेलं, तेव्हा शेजारच्या टेबलावर बोलायला माणूस मिळाला. लांज्यात दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याला समवयस्क सहकारी नसतो. दुपारी दोनला जेवून झोपलेला दिसतो, रात्री एकपर्यंत खोलीत दिवा असतो, कारण त्याचा साहेब अमेरिकेत. वाडीत कुणीतरी म्हणतंच, ‘पोरगा घरीच असतो.’ त्याच्या आईला हे झोंबतं. आणि घरी असतो म्हटल्यावर बाराव्याला, पालखीला, गावकीच्या बैठकीला त्याने यायला हवं, अशी रास्त अपेक्षा असते. मुंबईकराने वर्गणी पाठवली की चालतं, इथे राहणाऱ्याला खांदा द्यावा लागतो. ज्याला हे ओझं वाटेल त्याने गाव निवडू नये. ज्याला यातच आपलं घर सापडेल, त्याला लाल दिव्याचा एखादा दिवस सोसवतो.

दोघांपैकी एकाचीच नोकरी दूरस्थ असेल तर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न घराघरांत सर्वांत शेवटी विचारला जातो. बहुतेकदा ती दुसरी व्यक्ती बायको असते. तिची नोकरी सुटणार असेल तर तो खर्च हिशेबात पहिल्या ओळीत लिहिला पाहिजे.

तेव्हा मुंबईतलं घर न सोडता, जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान घेऊन यावं. बाजारपेठेत दसऱ्यापर्यंतची खोली घ्यावी. टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि रोज तारखेनिशी लिहावं: लाईट किती वाजता गेली, कधी आली. नेट कितीदा तुटलं, कुठली मीटिंग हुकली. रात्री ताप आला तेव्हा डॉक्टर भेटला का. कुणाच्या घरी जेवायला बोलावणं आलं, आठवड्यात कितीदा कुणाशी पोटभर बोलणं झालं. मुंबईला जायला ठरवलं त्या दिवशी गाडी मिळाली का. दसऱ्याला ती वही आणि मुंबईच्या घराचा भाडेकरार शेजारी ठेवून दोघांनी बसावं.