उभ्याने साधलेला नेम

पडून गोळी झाडताना रायफलीला दोन्ही कोपरांचा आधार असतो, गुडघ्यावर बसलं तर एका कोपराचा. उभ्याने झाडताना जमिनीचा आधार फक्त तळपायांना उरतो. साडेपाच किलोंपर्यंतची हवेची रायफल तोलून धरायची, कोपर कमरेशी टेकवायचं आणि दहा मीटरवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका टिपायचा. महाराष्ट्राचं नाव जगात गेलं ते या सर्वांत अवघड पवित्र्यातून, आणि पहिल्यांदा ते नेलं मुलींनी. वाशिमसारख्या जिल्ह्यातून या वाटचालीकडे पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

बंदूक चार भिंतींच्या आत आली ती पॅरिसच्या फ्लोबेअर नावाच्या कारागिरामुळे. १८४५ च्या सुमारास त्याने अगदी कमी ताकदीचं काडतूस बनवलं आणि दिवाणखान्यातही नेमबाजी शक्य झाली. त्यातूनच पुढे पॉइंट टू टू काडतुसं आली. हवेच्या रायफलीला तर बारूदही लागेना. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये दाखल झाली, पुरुषांसाठी आणि महिलांसाठीही.

आपल्याकडे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नवोदितांना ठाऊक असते. पण सामान्य घरातल्या मुलींच्या हाती रायफल दिली ती एनसीसीने. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातली अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत, तिथूनच या खेळात आली. तिला, सुमा शिरूरला आणि दीपाली देशपांडेला घडवलं संजय चक्रवर्ती यांनी. सुट्या भागांची टंचाई, महागडे छर्रे, परदेशी जाकिटं हे सगळं सांभाळत त्या काळी सराव करावा लागे. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले भीष्मराज बाम खेळाडूंना मन स्थिर ठेवायला शिकवत. उभ्या नेमबाजीत ते शिक्षण स्नायूंइतकंच मोलाचं असतं, कारण श्वासाची आणि नाडीची हालचालही नळीच्या टोकापर्यंत पोहोचते.

२००० मध्ये सिडनीत अंजली अंतिम फेरीत गेली. ऑलिंपिक नेमबाजीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने चार सुवर्णपदकं जिंकली. २००४ मध्ये क्वालालंपूरला सुमाने चारशेपैकी चारशे गुण मिळवले आणि त्याच वर्षी अथेन्सची अंतिम फेरी गाठली. चाळीस छर्रे, प्रत्येक दहाच्या आत! या एका ओळीवर थांबून विचार करावा, इतकी ती कामगिरी मोठी आहे. २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं, मात्र ते पन्नास मीटरवर, पडून झाडण्याच्या प्रकारात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटरचा जगज्जेता झाला.

मग १ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. गुडघ्यावर आणि पडून झाडण्याच्या टप्प्यांनंतरही तो पदकाबाहेर होता. उभ्याने झाडायची वेळ आली, तेव्हा तो वर सरकला. त्याच्या प्रशिक्षक होत्या दीपाली देशपांडे. म्हणजे चक्रवर्तींच्या हाताखाली मुलींनी जे मिळवलं, तेच पुढच्या पिढीच्या पदकापर्यंत पोहोचलं.

वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, नेमका मुंबईतल्या या मुली घडत होत्या त्या काळात. पन्नास मीटरच्या रेंजला मोठी मोकळी जागा आणि पॉइंट टू टू रायफलीला परवाना लागतो. दहा मीटरला पंधरा मीटर लांबीचा सभागृहाएवढा हॉल, छर्रे अडवणारी मागची भिंत, चांगला उजेड आणि जाणता प्रशिक्षक पुरे. रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, मानोरा, मालेगाव आणि वाशिम या सहाही तालुक्यांत असा एकेक हॉल शाळा-महाविद्यालयांनी द्यावा, एनसीसीच्या मुलींना त्यात आधी जागा द्यावी, आणि जिल्हा क्रीडा यंत्रणेने रायफली व प्रशिक्षक पुरवावेत, ही आग्रहाची विनंती.